नुसती बसणारी बाय

ती आली की आधी झाकणं उघडायची.

पेशंटला आत घेऊन मी केसपेपर लिहीपर्यंत लेबर रूममधलं एकूण एक झाकण उघडं झालेलं असायचं. कापसाचा डबा, औषधांची ट्रॉली, टेबलाचे खण, खिडक्या, एकदा तर माझा जेवणाचा डबा. पेशंटची वेणी सोडून झालेली असायची आणि हातातला काळा दोरा खिडकीच्या गजाला लोंबत असायचा. बाई अडू नये म्हणून घरातल्या गाठी सोडायच्या, कुलपं काढायची, ही खाडीकाठच्या गावांतली जुनी रीत. ती घरापुरती ठेवावी की नाही? हिने ती थेट हॉस्पिटलात आणली. मी नुकतीच कोर्स करून लागलेली, निर्जंतुक म्हणजे काय ते घोकून आलेली. मी एकेक झाकण लावत पुढे जायची आणि ती मागून पुन्हा उघडत यायची.

"अहो, जंतू जातात आत!" मी ओरडायची.

"जाऊ दे गो. पोर भायेर येऊ दे आधी," ती म्हणायची.

शेवटी आमचा तह झाला. ट्रॉली आणि कापूस माझा, टेबलाचे खण आणि खिडक्या तिच्या. माझ्या डब्याबद्दल काही ठरलं नव्हतं, तो ती उघडतच राहिली आणि आतली भाजी बघून नाक मुरडत राहिली.

हे ठाण्यातलं. खोपटच्या एसटी डेपोपासून पाच मिनिटांवर, दुकानांच्या वरच्या मजल्यावर बारा खाटांचं बाळंतपणाचं हॉस्पिटल होतं. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. मी कल्याणच्या चाळीतली. वडील रेल्वेच्या वर्कशॉपात, आम्ही चार भावंडं, आणि आमच्या सगळ्या नात्यात नर्स झालेली मी पहिली. माझा पांढरा युनिफॉर्म आई दोरीवर अशा जागी वाळत घालायची की नळावर येणाऱ्या प्रत्येकीला तो दिसलाच पाहिजे. माझी नोकरी तेव्हा कच्ची होती. वर्षभर काम बघू, मग कायम करू, असं डॉक्टर म्हणाले होते.

ती कोळशेतकडच्या कोळीवाड्यातली. पन्नाशी उलटलेली, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत कसलेली. सकाळी खाडीतले निवटे नि कोळंबी विकायची आणि कोणाला कळा लागल्याचा निरोप आला की पाटी डोक्यावर घेऊन तशीच बसमध्ये चढायची. पाटी जिन्याखाली राहायची, वास मात्र वर यायचा. भेटेल त्या बाईला ती "बाय" म्हणायची, मग ती विशीतली असो की साठीची, म्हणून आम्ही तिलाच बाय म्हणायला लागलो. तिचं खरं नाव कधी कागदावर लिहावंच लागलं नाही. ती पेशंट नव्हती, आणि पेशंटची नातेवाईकही नव्हती.

मग होती कोण? सुईण म्हणावं तर ती बाळंतपणाला हातही लावत नसे. डॉक्टर पुढे आले की ती पेशंटच्या डोक्याशी जाऊन उभी राहायची, पायांकडे बघायचीसुद्धा नाही.

"पोर काढायचा काम डाक्टरचा," ती सांगायची. "मी बाईजवल बसते."

"आणि करता काय?"

"बसते."

डॉक्टरांना याचं भारी हसू यायचं. "सिस्टर, तुमची ती नुसती बसणारी बाई आली का?" असं ते विचारायचे. आली असली तर मात्र त्यांना बरं वाटायचं, कारण ती असली की आरडाओरडा कमी होई आणि त्यांचा चहा गरम असतानाच पिऊन होई. हल्ली माझी भाची सांगत होती, या कामाचा आता कोर्स निघालाय, त्या बाईला डूला म्हणतात, शिकून आल्यावर सर्टिफिकेट मिळतं. मी म्हटलं, असेल. आमच्या बायला कोणी सर्टिफिकेट दिलं असतं तर तिने त्यात कोळंबी बांधली असती.

बसते म्हणायची, पण बसलेली मी तिला फार कमी पाहिली. कळ आली की ती पेशंटच्या पाठीमागे उभी राहून कमरेवर तळव्याची टाच दाबायची, आणि अशी नेमकी दाबायची की बाईचा अर्धा ओरडा घशातच विरायचा. बाईला उभं राहवत नसेल तर तिचे दोन्ही हात स्वतःच्या गळ्यात घालून घ्यायची आणि तिचं सगळं वजन पेलायची. पॅसेजमधून फिरवायची. ओठांना पाणी लावायची. आणि ओरडू द्यायची. आम्ही सिस्टर लोक "ओरडू नका हो" म्हणायचो, तर ही म्हणायची, "वरड गो, वरड. तुझ्या बापूसचा काय जातंय?"

कळ गेली की गोष्ट सुरू. गोष्ट म्हणजे कोळीवाड्यातली भानगड. कोणाच्या सुनेने कोणाच्या होडीत काय पाहिलं, पाटलीण जावयाच्या मागे मुसळ घेऊन कशी धावली. पुढची कळ आली की वाक्य जिथे असेल तिथे तोडायची, कमरेला हात लावायची, आणि कळ ओसरली की त्याच शब्दापासून पुढे. घड्याळ बघून दोन कळांमधलं अंतर मोजायचं मला शिकवलेलं. हिच्या गोष्टीची चारच वाक्यं व्हायला लागली की मला कळायचं, आता फार वेळ नाही. एका मास्तरीणबाईंना मुलगी झाली, टाके घालून झाले, आणि डोळे उघडल्या उघडल्या त्यांनी विचारलं, "मग जावई सापडला का पाटलिणीला?"

"फुडच्या टायमाला सांगेन," बाय म्हणाली आणि पाटी उचलून गेली.

बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्यांनाही ती सोडायची नाही. "बुटाच्या नाड्या सोरा. घड्याल काढा. गल्यातला बटन उघडा." डोंबिवलीचे एक सरकारी साहेब होते, इस्त्रीच्या कपड्यांतले. ते पंधरा मिनिटं मोजे हातात घेऊन बसले होते. मी तिला विचारलं, नवऱ्याच्या नाडीचा काय संबंध? तर म्हणाली, "हाताला काम लागतंय त्यांच्या. नायतर दर दोन मिनटाला दार वाजवतान."

आणि मूल झालं की सासवा तिला गराडा घालायच्या. "काय झालं गं? काय झालं?" तिचं उत्तर ठरलेलं. "बाई सुटली." मुलगा की मुलगी, यावर ओठ मिटलेले. एकदा एक सासू चिडून म्हणाली, "अहो, सुटली ते कळलं, झालं काय?" तर ही शांतपणे म्हणाली, "त्या डाक्टरला इचारा. मी तिच्यासंगती व्हते." बाळाला ती हात लावायची नाही, बारशाला बोलावलं तर जायची नाही. बाळ बघायला सारं गाव येतं, असं तिचं म्हणणं.

पहिले काही महिने मला ती मुळीच आवडायची नाही. मी एवढं शिकून आले, आणि पेशंट माझा हात सोडून त्या मासळीच्या वासाच्या हाताला धरतात, याचा मला राग यायचा. मग एका अडलेल्या बाईच्या वेळी आम्ही दोघी चार तास तिच्या दोन बाजूंना होतो. बायच्या आपल्या सगळ्या देवांना हाका मारून झाल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "शिस्टर, तुझा देव कनचा?"

मी म्हटलं, "आम्ही बुद्धाला मानतो. आमच्यात नवस-बिवस नसतो."

"नवस नको. नुसता बसायला बोलव. तो तं बसलेलाच असतंय ना?"

मला हसू फुटलं, आणि ती पेशंटसुद्धा कळांमधून हसली. त्यानंतर माझा राग गेला. पुढे पुढे मी तिची वाटच बघायची. आणि तीही बदलली होती, खिडकी उघडायची तरी आधी मला विचारायची. "शिस्टर, उघडू?" मी हो म्हटलं की उघडायची.

हे काम तू का करतेस, असं मी तिला एकदाच विचारलं. ती जिन्याखाली पाटीवर पाणी शिंपडत होती. तिचं पहिलं बाळंतपण घरी झालेलं. माणसं खाडीवर गेलेली, सासू बाजाराला, आणि कळा दिवसाउजेडी अचानक सुरू झाल्या. पोर आपोआप झालं, जगलं, आज तो होडीवर जातो. "दुखला त्याचा काय नाय," ती म्हणाली. "एकली व्हते. दाराकडं बघत व्हते, कोनी येल, कोनी येल. कोनी आला नाय." मग ती पाटी उचलून म्हणाली, "तवापासून माना एकली बाई बघवत नाय."

आता त्या दिवसाचं सांगायला हवं. इतकी वर्षं हे मी कोणालाही धड सांगितलेलं नाही.

डोंबिवलीची एक मुलगी होती, वीस-एकवीसची, पहिलटकरीण. आई वारलेली, सासर साताऱ्याकडे गावी, नवरा कंपनीत पाळीवर. शेजारणीने तिला सकाळी आणून सोडलं आणि बायला निरोप पाठवून ती आपल्या मुलांकडे परत गेली. आदल्या दुपारपासून कळा सुरू होत्या, पण बाळ खाली सरकत नव्हतं. बाय दहाला आली ती तिच्याजवळून हलली नाही. दुपारी एकच्या सुमाराला ती मुलगी अगदी गळून गेली. "भूक लागलीय हो," म्हणून रडायला लागली.

आमच्याकडे नियम होता, कळा सुरू झाल्या की पाण्याखेरीज पोटात काही नाही. तो नियम उगाच नव्हता. ऐनवेळी पोट उघडायची वेळ आली आणि भूल द्यावी लागली, तर पोटातलं उलटून श्वासात जातं आणि बाई दगावू शकते. हे मला पाठ होतं. बायला ते पाठ नव्हतं, पण नियम ठाऊक होता. म्हणून तिने मला विचारलं. तिच्या डब्यात तिच्या स्वतःच्या जेवणाची पेज होती.

"शिस्टर, जरा देऊ? जीव नाय ऱ्हायला पोरीत."

डॉक्टर घरी जेवायला गेले होते. मला त्या मुलीची दया आली. मी म्हटलं, "दे. दोन चमचे दे."

दोन चमच्यांची वाटी झाली, ते मी पाहिलं. थांबवलं नाही. ती मुलगी इतकी मनापासून खात होती.

अडीचला मी पोटाला नळी लावली तर बाळाचे ठोके मंदावलेले. डॉक्टर धावत आले, बघितलं आणि म्हणाले, सिझेरियन, ताबडतोब. भूल देणारे डॉक्टर जवळच राहायचे, तेही दहा मिनिटांत आले. आम्ही मुलीला आत नेत होतो तेव्हा बायने दारात माझा दंड धरला. तिला आत यायची परवानगी नव्हती.

"शिस्टर, तिनं खाल्लाय. सांग त्यांना."

"सांगते," मी म्हटलं.

आत भूल देणारे डॉक्टर हात धूत होते. पाठमोऱ्यानेच त्यांनी विचारलं, "पेशंट उपाशी आहे ना?"

मी म्हणाले, "हो सर."

का म्हणाले? मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली आहेत. सवयीने तोंडातून गेलं. घाई होती. पण खरं असं की मागे आमचे डॉक्टर उभे होते, आणि नोकरी कायम व्हायला दोन महिने उरले होते. सुई भरून होईपर्यंत दोन-तीन मिनिटं तरी होती. त्या मिनिटांत मी बोलू शकले असते, त्यांनी आधी पोट रिकामं केलं असतं, काळजी घेतली असती. मी मनात म्हणत राहिले, पेजच तर आहे.

भूल चढता चढता त्या मुलीला उलटी झाली. पुढचं मला आजही नीट सांगता येत नाही. ती निळी पडली. सक्शनचा तो घरघर आवाज, दोन डॉक्टरांच्या शिव्या, आणि माझे हात यंत्रासारखे चाललेले. बाळ निघालं, मुलगा, रडला. तीही वाचली, पण छातीत भरलं आणि आठ दिवस ती ताप नि खोकल्याने तळमळत पडली. टाके ताजे, प्रत्येक खोकल्याला किंचाळायची.

डॉक्टर बाहेर आले ते घामाने भिजलेले. पॅसेजमध्ये मी, आमची आया आणि बाय. बायने विचारलं, "बाई कशी हाय?"

"हिला खायला कोणी घातलं?" डॉक्टर गरजले.

मी ट्रे हातात धरून उभी होते. बाय बाकावरून उठली. "मी. पेज व्हती."

"कोणाला विचारून?"

तिने माझ्याकडे पाहिलं. फार नाही, कळ येऊन जाते तेवढाच वेळ. मग ती डॉक्टरांना म्हणाली, "इचारायचा कोनाला? माझा डबा, मी दिला."

डॉक्टर तिला काय काय बोलले ते मी लिहीत नाही. अडाणी हा त्यातला सगळ्यात सभ्य शब्द. तिने सगळं ऐकून घेतलं आणि जिना उतरून गेली. संध्याकाळी त्यांनी मला पाटी लिहायला सांगितली, लेबर रूममध्ये पेशंटखेरीज कोणालाही प्रवेश नाही. माझं अक्षर चांगलं होतं. मी ती दोन रंगांत लिहिली.

ती मुलगी शुद्धीवर आल्यापासून विचारायची, "त्या मावशी कुठे गेल्या?" डॉक्टरांनी तिला सांगितलं, त्यांच्यामुळेच तुझी ही अवस्था झाली. ती म्हणाली, "पण मीच मागितली होती पेज." तिचं कोणी ऐकत नव्हतं. मी तिचं सलाईन बदलत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा खायला खाली उतरले तर बाय जिन्याखाली उभी. वर यायची बंदी, म्हणून मला गाठायला थांबलेली. "जगली ना?" तिने विचारलं. मी मान हलवली. मग तिने माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली.

"मी तुला सांगितला व्हता ना? दारात सांगितला व्हता."

"हो."

"मंग?"

मला रडू आलं. मी म्हटलं, "बाय, मी आत्ता जाऊन सांगते सगळं." आणि हे म्हणताना मनातून मला हेच हवं होतं, की तिने नको म्हणावं. ती म्हणाली तसंच. पण माझी कीव येऊन नाही. तिचा हिशेब वेगळा होता.

"सांगून काय? तुलाबी हाकलतीन. मी तं आतमंदी जाऊ शकत नाय आता. दोघी गेलो तं बाईजवल कोन? डाक्टर पोर बघल. बाईला कोन बघल?" तिने मनगट सोडलं. "तू ऱ्हा. पन माझ्या जागेवर बस. मी बसायची तशी बस. एकली नको ठेवू कोनाला. बसशील?"

"बसेन."

"नक्की?"

"नक्की बसेन, बाय."

तिने पाटी उचलली आणि ती खोपटच्या रस्त्याला लागली. त्यानंतर ती आमच्या हॉस्पिटलात आली नाही. कोळीवाड्यातल्या बायका येत राहिल्या, पण एकट्या आत जायच्या, आणि आत गेल्यावर दाराकडे बघायच्या.

आणि मी? पहिल्या आठवड्यात मी दोघींजवळ बसले. कंबर दाबली, गळ्यात हात घालून घेतले. गोष्ट काही मला जमली नाही. तिसरीच्या वेळी मधेच ड्रेसिंगला हाक आली, उठून गेले, परत येईपर्यंत बाळ झालं होतं. मग रजिस्टर, मग इंजेक्शनं, मग आया सुट्टीवर. ही सगळी कारणं खरी आहेत. पण बाय बाजार टाकून यायची आणि मी आठ पावलं चालून जात नव्हते, हेही खरं आहे. एक दिवस एका बाईला मी म्हणताना माझ्याच कानांनी ऐकलं, "ओरडू नका हो, सगळ्यांनाच होतं." ती बाई गप्प झाली. मला लाज वाटली, आणि लाज वाटूनही मी पुढच्या पेशंटकडे गेले.

दोन महिन्यांनी मी कायम झाले. घरी आईने पेढे वाटले. माझा पेढा मी तसाच डब्यात परत ठेवला, आई म्हणाली दृष्ट लागली.

तीन-चार वर्षांनी मला कल्याणात सरकारी नोकरी मिळाली. निघायच्या दिवशी डॉक्टर माझा अनुभवाचा दाखला लिहीत होते. मी धीर करून म्हटलं, "सर, त्या दिवशी पेज द्यायला मीच हो म्हटलं होतं."

त्यांनी मान वर केली नाही. "माहीत आहे मला. ती बाई तुम्हाला विचारल्याशिवाय खिडकी उघडत नव्हती, पेज काय देणार!"

"मग तिला का घालवलंत?"

"मग काय तुम्हाला घालवायचं? शिकलेली सिस्टर मी कुठून आणणार होतो? बसायला काय, कोणीही बसतं." दाखल्यावर सही करून त्यांनी तो माझ्याकडे सरकवला. मला त्यांचा संताप आला. पण तो दाखला मी घेतला, व्यवस्थित घडी करून पर्समध्ये ठेवला.

बाय मला पुन्हा भेटली ती नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. कल्याणच्या बाजारात तिच्या वाड्यातली एक कोळीण बसायची, ती म्हणाली, बाय पडली, खुब्याचं हाड मोडलं, आता चालत नाही. मी एका रविवारी कोळशेतला गेले. खाडीच्या अंगाला इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि वाडा शोधायला मला दोनदा विचारावं लागलं. ती ओट्यावर जाळ्याच्या ढिगाला टेकून बसली होती. केस पांढरे झालेले, नजर मात्र तीच. तिने मला आवाजावरून नाही, चालीवरून ओळखलं. "शिस्टर आली गो," असं घरात ओरडून सांगितलं.

मी काय बोलायचं ते बसमध्ये ठरवून गेले होते. माफी मागायची, डॉक्टर काय म्हणाले ते सांगायचं. तिने मला बोलूच दिलं नाही. माझा हात धरला आणि विचारलं,

"बसतस ना?"

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती इतक्या आशेने विचारत होती की मला खरं बोलवेना.

"बसते, बाय."

"सगल्यांजवल?"

"सगळ्यांजवळ."

तिने डोळे मिटले आणि तोंडभर हसली. मग तिने घरातून सुनेला बोलावलं. धाकट्याची बायको, आठवा महिना, पाय सुजलेले. "बग, ही ती. माझ्या जागेवर बसते ही. माना आता जाता येत नाय, पन हिनं सगला चालू ठेवलाय." ती पोर माझ्याकडे देवीकडे बघावं तशी बघायला लागली. पदराशी चाळा करत तिने विचारलं, "मंग माझ्या टायमाला तुमी याल?"

"येईन की," मी म्हणाले. हॉस्पिटलचा फोन नंबरही लिहून दिला.

महिन्याभराने फोन आला. वॉर्डबॉय सांगत आला, कोळशेतहून निरोप आहे, सुनेला कळा लागल्यात, तिकडच्या हॉस्पिटलात नेलंय, तुम्हाला बोलवतायत. सकाळचे अकरा वाजले होते. वॉर्डात काम होतं, पण आम्ही तिघी होतो. रजा मागितली असती तर मिळाली असती. मी मागितली नाही. त्या पोरीच्या पाठीमागे उभी राहिले असते तर माझ्या हातांना काही येत नाही हे तिला लगेच कळलं असतं, आणि तिने ते घरी जाऊन बायला सांगितलं असतं. मला त्याची भीती वाटली. मी संध्याकाळपर्यंत चादरी मोजत बसले.

ती सून मला वर्षभराने कल्याणच्या बाजारात दिसली. कडेवर गुटगुटीत मुलगी. मला टाळायचं होतं, पण तिनेच हाक मारली. बाय गेल्याचं तिने सांगितलं, दोन महिने झाले होते. मी मुलीच्या गालाला हात लावला, काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, त्रास नाही ना झाला फार?

"झाला. एकलीच व्हते ना," ती सहज म्हणाली. "सासूला रिक्षात घालून आनली व्हती, पन तिला आत सोडला नाय. भायेर बाकड्यावर बसली दिवसभर. सारखी आतमंदी निरोप धाडायची, घाबरू नको, शिस्टर निघाली आसंल. मंग रातच्याला बोलली, तिला खोपटला फुडची बस गावली नसंल. मरंपर्यंत तेच बोलायची, बस गावली नसंल, नायतर ती येनार नाय असा व्हयाचा नाय."

तिने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"हो गं," मी म्हणाले. "बसच मिळाली नाही."